एवढ्याशा डोक्यात एवढे कसे मावते? एका स्लाइड-संचाचे परीक्षण

बेळगावच्या खडेबाजारातील एका दुकानातून गेल्या जूनमध्ये मी "पृष्ठवंशी प्राण्यांचे रक्त" या नावाचा सहा तयार स्लाइड्सचा संच साडेसातशे रुपयांना विकत घेतला. वर्षभर तो खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये वापरून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. डबा अंबाल्याहून येतो असे दुकानदाराने सांगितले. डब्यावर मात्र बनवणाऱ्याचे नाव नाही, फक्त विक्रेत्याची चिठ्ठी आहे, आणि हाच डबा वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून इतरत्रही विकला जात असावा. संचात माणूस, कोंबडी, सरडा, बेडूक आणि मासा यांच्या रक्ताची प्रत्येकी एक स्लाइड, पक्ष्याच्या मेंदूच्या छेदाची एक स्लाइड आणि चार पानांचे एक इंग्रजी माहितीपत्रक आहे.

हा संच घेण्यामागे एका विद्यार्थ्याचा प्रश्न होता. आमच्या शाळेत अक्षरदासोहाची, म्हणजे दुपारच्या जेवणाची, घंटा झाली की दोन-तीन मिनिटांत कौलांवर कावळे जमतात. रविवारी ते फिरकत नाहीत, आणि शिक्षक बदलला तरी ताट कोण सांडतो हे त्यांना ठाऊक असते. आठवीच्या एका मुलाने विचारले, "सर, कावळ्याचं डोकं एवढंसं, त्यात एवढं कसं मावतंय?" प्रश्न कावळ्याच्या हुशारीचा नव्हता, तर मावण्याचा होता, आणि त्याचे उत्तर पेशीच्या आकारापासून सुरू होते हे मला माहीत होते. पेशीचा आकार मुलांना फळ्यावर दाखवता येत नाही, तो सूक्ष्मदर्शकातूनच दाखवावा लागतो. म्हणून हा खर्च.

संचाचे मोल ठरवायचे तर तो कशासाठी वापरायचा हे आधी सांगितले पाहिजे. विक्रेता तो "रक्ताचे प्रकार" शिकवण्यासाठी विकतो. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. सस्तन प्राणी सोडले तर जवळजवळ सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते. त्या केंद्रकात त्या प्राण्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या गुणसूत्रांतील सगळा डीएनए, दोन प्रतींमध्ये साठवलेला असतो. ज्या प्राण्याचा जीनोम मोठा त्याचे केंद्रक मोठे, आणि ज्याचे केंद्रक मोठे त्याची पेशीही मोठी, हा संबंध निरनिराळ्या प्राणिगटांत इतक्या वेळा दिसून आला आहे की तो पेशीशास्त्रातील भरवशाच्या नियमांत मोडतो. तांबडी पेशी हा त्याचा सर्वांत सोयीचा नमुना आहे, कारण ती सुटी असते, चपटी पसरते आणि मोजता येते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गलिव्हर यांनी शेकडो प्राण्यांच्या रक्तपेशी मोजून कोष्टके तयार केली, तेव्हा डीएनए काय करतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९५१ मध्ये मिर्स्की आणि रिस यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींतील डीएनए मोजला आणि ही जुनी कोष्टके नव्या अर्थाने वाचता येऊ लागली.

आता प्रत्यक्ष स्लाइड्सकडे वळतो. आमच्याकडे आरशाचा साधा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक आहे. त्याचे नेत्रभिंग दहापट आणि वस्तुभिंगे चारपट, दहापट व चाळीसपट क्षमतेची आहेत. खानापूरकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने दिव्याच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा आरशाचाच बरा, हे मी अनुभवाने सांगतो. मोजपट्टी बसवलेले नेत्रभिंग महाग मिळते, म्हणून आम्ही सोपा उपाय केला. चारपट भिंगाखाली प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी ठेवली. दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेचार मिलिमीटर भरला. चाळीसपट भिंगाखाली तो त्याच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रोमीटर होतो. मग मुलांना एवढेच सांगितले की या व्यासावर पेशी एकीला एक चिकटवून मांडल्या तर किती मावतील याचा अंदाज करा. माणसाची तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रोमीटर असते, म्हणजे साठ मावतात. कोंबडीची लांबट पेशी सुमारे बारा मायक्रोमीटर, म्हणजे सदतीस. बेडकाची सुमारे बावीस, म्हणजे जेमतेम वीस. मुलांचे आकडे यापासून चार-पाचने इकडेतिकडे आले, आणि साडेसातशे रुपयांच्या संचाकडून याहून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा मी ठेवली नव्हती.

कोंबडीची स्लाइड या संचातील सर्वांत उत्तम आहे. रक्ताचा थर पातळ आणि सारखा पसरलेला आहे, रंग लिशमन पद्धतीचा असावा, आणि प्रत्येक पेशीच्या मध्यभागी गडद जांभळे, लांबट, घट्ट केंद्रक इतके स्पष्ट दिसते की पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या मुलालाही ते शोधावे लागत नाही. कोंबडीच्या या पेशीला विज्ञानात एक मानाची जागा आहे हे मुलांना सांगावे असे मला वाटते. दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत डीएनए किती आहे हे मोजायचे असेल तेव्हा तुलनेसाठी अनेक प्रयोगशाळा कोंबडीच्या तांबड्या पेशीच घेतात. तिच्या जीनोमच्या एका प्रतीचे वजन १.२५ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग) धरले जाते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे सुमारे ९७.८ कोटी बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्या. किराणा दुकानात किलोचे वजनमाप असते, तसे जीनोमच्या दुकानात कोंबडीचे रक्त असते.

बेडकाची स्लाइडही डोळ्याला चांगली आहे. पेशी मोठ्या आणि केंद्रक ठसठशीत, त्यामुळे कोंबडीच्या शेजारी ठेवून पाहिली की मुले आपोआप "अबब" म्हणतात. पण येथे माझी पहिली गंभीर तक्रार आहे. चिठ्ठीवर केवळ "बेडूक" एवढेच लिहिले आहे, जात लिहिलेली नाही. रक्ताचे प्रकार शिकवायचे असतील तर ही उणीव चालून जाईल, परंतु जीनोम आणि पेशी यांचा संबंध दाखवायचा असेल तर चालत नाही, कारण बेडकांच्या निरनिराळ्या जातींचे जीनोम सुमारे एक पिकोग्रॅमपासून दहा पिकोग्रॅमच्या वरपर्यंत पसरलेले आहेत. एखादा बेडूक कोंबडीच्या बरोबरीला येतो, तर दुसरा तिच्या आठपट भरतो. जात कळल्याशिवाय ती स्लाइड पाहून मुलांना "मोठा जीनोम" असे सांगणे म्हणजे पिशवी न उघडता तांदूळ बासमती आहे असे सांगण्यासारखे आहे. पेशी मोठी दिसते म्हणून जीनोम मोठा असावा, असा उलटा अंदाज तेवढा करता येतो.

सरड्याची स्लाइड बरी आहे. माशाची टाकाऊ आहे, रंग फिका आणि पेशी एकमेकींवर चढलेल्या. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माणसाची स्लाइड चांगली आहे, परंतु तीच सर्वांत धोकादायकही आहे, आणि याला जबाबदार माहितीपत्रक आहे. त्यात एक वाक्य असे आहे की मासा, बेडूक, सरडा, पक्षी आणि माणूस या क्रमाने तांबडी पेशी लहान होत जाते, यावरून प्राणी जितका प्रगत तितकी त्याची पेशी लहान आणि बुद्धी अधिक. हे वाक्य एका नजरेत पटते, आणि ते निदान दोन ठिकाणी चूक आहे. पहिली चूक अशी की माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, म्हणजे डीएनएही नसतो, त्यामुळे तिचा आकार जीनोमच्या तुलनेसाठी वापरताच येत नाही. माणसाच्या जीनोमची एक प्रत कोंबडीच्या अडीच-तीन पट आहे. तो पाहायचा असेल तर त्याच स्लाइडवर एखादी पांढरी पेशी शोधावी आणि तिच्या केंद्रकाशी कोंबडीच्या केंद्रकाची तुलना करावी. तसे केले की क्रम चक्क उलटा होतो, केंद्रक पक्ष्याचेच लहान निघते. दुसरी चूक बुद्धीविषयीची आहे, आणि ती विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण या चुकीतच मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

पक्ष्यांचे जीनोम लहान असतात ही गोष्ट खरी आहे. आजवर मोजलेल्या पक्ष्यांत सर्वांत लहान हमिंगबर्डचे, ०.९ पिकोग्रॅमच्या आसपास, आणि सर्वांत मोठा शहामृगाचा, २.१६ पिकोग्रॅम. म्हणजे हजारो जातींच्या या संपूर्ण वर्गात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यात जेमतेम सव्वादोन-अडीच पटींचा फरक आहे. त्याच्या तुलनेत उभयचरांकडे पाहावे. ॲक्सोलोटल या मेक्सिकोतील सॅलॅमँडरचा जीनोम सुमारे ३२ अब्ज बेस-जोड्यांचा आहे, माणसाच्या दहापट. पक्ष्यांच्या जीनोममध्ये नेमके काय कमी आहे, याचे उत्तर २०१४ मध्ये ४८ जातींचे जीनोम एकत्र वाचले गेले तेव्हा बरेचसे स्पष्ट झाले. आपल्या प्रती काढून जीनोममध्ये इकडेतिकडे घुसणारे डीएनएचे जे तुकडे असतात, त्यांचे प्रमाण बहुतेक पक्ष्यांत ४ ते १० टक्के आहे. सस्तन प्राण्यांत हेच प्रमाण एक-तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत जाते. अपवाद सुतारपक्ष्याचा. त्याच्या जीनोममध्ये या तुकड्यांनी वीस टक्क्यांहून अधिक जागा व्यापली आहे. जनुकांच्या संख्येत मात्र पक्षी आणि माणूस यांच्यात तिपटीचा फरक नाही. कपाट तेवढेच, अडगळ कमी, असा हा प्रकार आहे, जरी सगळ्याच अडगळीला अडगळ म्हणणे काही शास्त्रज्ञांना मान्य होणार नाही.

हे लहानपण कशामुळे आले याविषयी जुना आणि लोकप्रिय तर्क उड्डाणाचा आहे. लहान पेशीला तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक मिळतो, त्यामुळे प्राणवायूची देवाणघेवाण वेगाने होते, आणि उडणाऱ्या प्राण्याला नेमके तेच हवे असते. पंख थरथरवत एका जागी तरंगणाऱ्या हमिंगबर्डचा जीनोम सर्वांत लहान असावा आणि न उडणाऱ्या शहामृगाचा सर्वांत मोठा असावा, हे या तर्काशी जुळते. वटवाघळांचे जीनोमही इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने लहान आहेत हेही जुळते. आमच्या तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते, त्यामुळे मुलांना हे उदाहरण परके वाटत नाही. परंतु २००७ मध्ये ख्रिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तर्कात एक मोठी दुरुस्ती केली. हाडांच्या आत पेशी ज्या पोकळ्यांत बसतात त्या पोकळ्या जीवाश्मातही टिकून राहतात, आणि त्यांच्या आकारावरून पेशीचा, पर्यायाने जीनोमचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीने पाहिल्यावर असे दिसले की पक्ष्यांचे पूर्वज असलेल्या मांसाहारी डायनोसॉरांमध्येच जीनोम लहान झाला होता, पंख येण्याच्या कितीतरी आधी. उड्डाणाने जीनोम लहान केला एवढे म्हणून थांबता येत नाही. लहान जीनोम आधीच होता, आणि उड्डाणाने पुढे त्याला आणखी आवळले असावे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. रक्तपेशीच्या स्लाइडवरून हाडाच्या जीवाश्मापर्यंत जाता येते हे मुलांना सांगताना मला स्वतःला फार आनंद झाला, आणि संचाच्या किमतीतला निम्मा भाग तिथेच वसूल झाला.

आता मेंदू. चेतापेशी ही रक्तपेशीसारखी सुटी आणि गोल नसते, तिला फाटे फुटतात, शेपूट असते, त्यामुळे जीनोम आणि चेतापेशीचा आकार यांचा संबंध रक्ताइतका सरळ नाही. तरीही दिशा तीच आहे. सॅलॅमँडर आणि बेडूक यांच्या मेंदूंचा गेरहार्ड रोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केलेला अभ्यास यासाठी फार बोलका आहे. ज्या जातींच्या पेशी मोठ्या, त्यांच्या मेंदूची रचना सोपी राहिलेली दिसली. एकेक पेशी मोठी असेल तर त्याच जागेत कमी पेशी मावतात, आणि मोठा डीएनए दुणावून पेशी विभागायला वेळही अधिक लागतो, त्यामुळे मेंदू घडण्याचे कामच मंदावते. पक्षी या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहेत. २०१६ मध्ये पावेल नेमेत्स, सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूंतील चेतापेशी मोजल्या तेव्हा जे आकडे आले, ते मी मुलांसमोर फळ्यावर लिहिले आणि वर्ग थोडा वेळ शांत बसला. गोल्डक्रेस्ट हा साडेचार ग्रॅम वजनाचा युरोपातील पक्षी, आपल्या शिंजिरापेक्षाही हलका. त्याच्या मेंदूत सुमारे १६ कोटी चेतापेशी आहेत. छोटा उंदीर (माउस) त्याच्या कितीतरी पट वजनाचा, पण त्याच्या मेंदूत सुमारे ७ कोटी. रेव्हन या मोठ्या कावळ्याचा मेंदू अवघा चौदा ग्रॅमांचा आणि त्यात चेतापेशी दोन अब्जांच्या वर, त्यांतील निम्म्याहून अधिक पुढच्या मेंदूत. एवढ्याशा डोक्यात एवढे कसे मावते, याचे हे आकड्यांतले उत्तर आहे. पेशी लहान आणि दाटीने बसलेल्या असतात. २०२२ मध्ये कबुतरांवर झालेल्या एका अभ्यासात पक्ष्यांच्या चेतापेशी सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींच्या मानाने सुमारे तिपटीने कमी ग्लुकोज खर्च करतात असेही आढळले आहे, त्यामुळे दाटी असूनही शिधा पुरतो.

या मोजणीची पद्धतही येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा आमच्या स्लाइडशी थेट संबंध आहे. मेंदूचा छेद घेऊन पेशी मोजण्याऐवजी हर्कुलानो-हौझेल यांनी २००५ मध्ये मेंदूचा अक्षरशः रस्सा करण्याची पद्धत काढली. पेशींची आवरणे विरघळतात, केंद्रके तेवढी शाबूत राहतात, ती सारखी ढवळून त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की केंद्रके मोजता येतात. एक केंद्रक म्हणजे एक पेशी. कोंबडीच्या रक्ताच्या स्लाइडवर मुले जे करत होती, तेच काम तिथे अधिक काटेकोरपणे केले जाते, एवढाच फरक.

माहितीपत्रकाची दुसरी चूक कुठे आहे हे आता नीट दिसते. लहान जीनोम, म्हणून लहान पेशी, म्हणून दाट मेंदू, येथपर्यंतची साखळी पक्षी या संपूर्ण वर्गाला लागू पडते. तिथून पुढे "म्हणून अधिक बुद्धी" ही कडी जोडली की साखळी तुटते, आणि ती तोडायला आमच्या शाळेचे अंगण पुरेसे आहे. कावळा आणि कोंबडी दोघांचेही जीनोम एक ते सव्वा अब्ज बेस-जोड्यांच्या घरातले आहेत, दोघांच्याही पेशी लहानच. पण रानकोंबड्याच्या मेंदूत सुमारे २२ कोटी चेतापेशी आहेत, म्हणजे रेव्हनच्या दहाव्या हिश्शाइतक्या. दोघांच्या मेंदूंच्या वजनात मात्र पाचपटीच्या आसपासच फरक आहे. राहिलेला फरक जीनोमच्या वजनाने भरून निघत नाही. तो मेंदू किती काळ वाढतो, कोणत्या भागात वाढतो, पिल्लू घरट्यात किती दिवस आईबापांवर अवलंबून राहते अशा गोष्टींकडे आपल्याला नेतो. कोंबडीचे पिल्लू अंड्यातून निघताच दाणे टिपते. कावळ्याचे पिल्लू अनेक आठवडे तोंड वासून बसते, आणि त्या काळात त्याचा मेंदू वाढत असतो.

याचा अर्थ पक्ष्यांच्या आपापसातल्या तुलनेत जीनोमचा मेंदूशी काहीच संबंध नाही असा मात्र नाही. अँड्र्यूज आणि ग्रेगरी यांनी २००९ मध्ये पोपट व काकाकुवा यांच्या जातींमध्ये जीनोमचा आकार आणि शरीराच्या मानाने मेंदूचा आकार यांचा व्यस्त संबंध दाखवला: लहान जीनोमच्या जातींचे मेंदू शरीराच्या मानाने मोठे. हा निष्कर्ष पोपटांच्या कुळापुरता आहे. तो उचलून "डीएनए कमी तर डोके जास्त" असे सर्वांवर लादता येत नाही, आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे हे दहावीच्या मुलालाही समजावता येते. पोपटांमध्ये हा संबंध शरीराच्या चयापचयातून येतो, पिल्लांच्या वाढीच्या वेगातून येतो की आणखी कशातून, हा खुला प्रश्न आहे, आणि मुलांना खुले प्रश्न दाखवायला मला आवडतात. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने एक ओळ कमी लिहिली असती तर हा प्रश्न मुलांपर्यंत आपोआप पोहोचला असता.

संचातील सहावी स्लाइड, पक्ष्याच्या मेंदूचा छेद, ही माझी दुसरी मोठी निराशा. कोणत्या पक्ष्याचा मेंदू आणि कोणत्या भागाचा छेद हे लिहिलेले नाही. छेद जाड आहे, त्यामुळे चाळीसपट भिंगाखाली एक पातळी स्पष्ट केली की दुसरी धूसर होते. रंग नेहमीचा गुलाबी-निळा, हिमॅटॉक्झिलिन-इओसिनचा आहे, ज्यात सगळीच केंद्रके दिसतात, पण चेतापेशी कोणती आणि तिला आधार देणारी पेशी कोणती हे शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने ओळखता येत नाही. चेतापेशी दाखवायच्या तर निस्ल पद्धतीचा रंग हवा. पक्ष्यांच्या पुढच्या मेंदूला सस्तन प्राण्यांसारखे थर नसून पेशींचे गुच्छ असतात. याच कारणाने तो भाग हलक्या दर्जाचा आहे असे जवळजवळ शंभर वर्षे मानले गेले, आणि २००४-०५ मध्ये एरिक जार्व्हिस व इतर संशोधकांनी त्या भागांची नावेच बदलून हा गैरसमज अधिकृतपणे दूर केला. चांगल्या स्लाइडवर हे गुच्छ दाखवता आले असते. या स्लाइडवर केवळ गुलाबी धुके दिसते. ही स्लाइड पाहून एका मुलीने "सर, ढगासारखं दिसतंय" असे सांगितले आणि मला तिला विरोध करता आला नाही.

विक्रीनंतरच्या सेवेविषयी थोडेसे. डब्यात स्लाइड्स सैल बसवलेल्या होत्या आणि घरी येईपर्यंत सरड्याची स्लाइड कोपऱ्यात तडकली. दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी ती कुरकुर न करता बदलून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. माहितीपत्रकातील चूक मी त्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "सर, शाळेवाले काचा मोजून नेतात, कागद कोण वाचतंय?" हे उत्तर दुर्दैवाने खरे असावे. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. ते कन्नडमध्ये आणि मराठीत असते तर कदाचित कोणी वाचलेही असते आणि कोणी दुरुस्तही केले असते. मी स्लाइड्सवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, कारण शेजारच्या कन्नड शाळेतील मुलेही वर्षातून दोनदा आमची प्रयोगशाळा वापरतात.

पावसाळ्याविषयी एक सूचना, जी जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात शिकवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. तयार स्लाइड टिकाऊ असते हे खरे, पण आमच्याकडील जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर तर नक्कीच धरते. मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, दर पंधरा दिवसांनी त्या तव्यावर कोरड्या करतो, आणि डबा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून कपाटात वरच्या खणात ठेवतो. या वर्षी स्लाइड्स स्वच्छ राहिल्या. उघडा राहिलेला आमचा जुना सूक्ष्मदर्शक मात्र नेत्रभिंगापाशी बुरसटला.

घ्यावा की घेऊ नये, असे कोणी विचारले तर मी कोंबडी, बेडूक आणि माणूस या तीन स्लाइड्सच सुट्या मागाव्यात असे सांगेन. मला दुकानदाराने तिन्हींचे मिळून साडेतीनशे सांगितले होते. मेंदूची स्लाइड या संचातून घेऊ नये. कोंबडीची स्लाइड तर मुलांकडून बनवूनही घेता येते. कोंबडीच्या दुकानातून मिळालेला रक्ताचा एक ताजा थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ पसरवून वाळवला, मिथेनॉलने पक्का केला आणि रंगवला तर आठ-दहा प्रयत्नांत एक काच दुकानातल्यासारखी येते. रक्त हाताळताना हातमोजे घालावेत आणि काचा नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाकाव्यात. रानपक्ष्यांच्या रक्ताची स्लाइड कोणी देऊ केली तर ती घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती कायदेशीर असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, आणि कावळ्याची पेशी पाहण्यासाठी कावळ्याला हात लावण्याची गरजही नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच दुकानात निस्ल रंगाच्या, जातीचे नाव लिहिलेल्या कबुतराच्या मेंदूच्या स्लाइडची मागणी नोंदवली आहे. आगाऊ शंभर रुपये दिले आहेत. दुकानदार दर आठवड्याला "माल वाटेत आहे" असे सांगतो, आणि मावण्याचा प्रश्न विचारणारा तो मुलगा, जो आता नववीत आहे, दर सोमवारी तिची चौकशी करतो.